हकिमाचं पोट

लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर कशाला भितो, असं विचारलं तर लोक धुकं म्हणतील, घाट म्हणतील, समोरून डुलक्या घेत येणारा ट्रकवाला म्हणतील. खरं उत्तर ज्याला ठाऊक असतं तो चारचौघांत सांगत नाही. ड्रायव्हर भितो आपल्या पोटाला. मागे बस भरून माणसं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना आडोसा नाही, पुढचा थांबा लांब, आणि नेमकी तेव्हाच पोटात कळ आली तर बिचाऱ्याने करायचं काय? प्रवासी स्वतःसाठी हक्काने गाडी थांबवायला लावतात. पण ड्रायव्हरच पोट धरून झुडपाकडे धावला, की खिडकीखिडकीतून माना बाहेर येतात.

आमच्या या ड्रायव्हरवर तरुणपणी ही वेळ आली होती. माना तर बाहेर आल्याच, वर कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरने त्याला युक्ती सांगितली. लांबची ड्यूटी असली, की आदल्या संध्याकाळी एक आणि निघताना एक अशी अँटिबायोटिक गोळी घ्यायची. पोट बिघडण्याआधीच त्याला दटावून ठेवायचं. डेपोत बरेच जण हे करायचे, पण करून गप्प बसायचे. याने त्याचं शास्त्र केलं. कुठल्या रस्त्याला पांढरी गोळी, कुठल्या रस्त्याला पिवळी कॅप्सूल, परतीच्या खेपेला पुन्हा एक घ्यायची की नाही, हे सगळं तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी पाच वर्षं कॉलेजात काढून आलाय. विश्रांतीच्या खोलीत कुणी पोटावर हात ठेवायचा अवकाश, याचा हात शर्टाच्या खिशात. सगळे त्याला हकीम म्हणायला लागले. म्हणायचे चिडवायला, पण त्याने ते नाव पदवीसारखं मिरवलं.

त्यानंतर त्याचं पोट ड्यूटीवर कधी बिघडलं नाही, हे खरं आहे. गोळ्यांमुळे बिघडलं नाही, की तसंही बिघडलं नसतं, हे विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. आपलं पोट म्हणजे जातं आहे, दगड घाला, पीठ होऊन येईल, असं तो जेवताना सगळ्यांना ऐकवायचा. त्यातही भावोजी समोर असले, तर दोनदा.

भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला. बारीक अंगाचा, बारीक आवाजाचा माणूस. घास चावायला लागले की समोरच्याचं ताट रिकामं व्हायचं, आणि पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाहीत. हकीम त्यांना पाठीमागे ‘उकळलेलं पाणी’ म्हणायचा, आणि कधी कधी तोंडावरही. भावोजी हसून सोडून द्यायचे. त्यांना कधी सर्दी झाली, दाढ दुखली, की हकीम कळवळून खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढायचा, त्यातल्या दोन-चार कात्रीने कापून त्यांच्या हातात ठेवायचा आणि घेतल्याशिवाय राहू नका म्हणून बजावायचा. कळवळा खोटा नव्हता. माणूस देताना हात आखडणारा नव्हताच मुळी.

आणि ताई. ताई नसती तर हकीम जगलाच नसता, असं त्यांच्या नात्यातले लोक म्हणतात, आणि त्यात फार फुगवून सांगितलेलं काही नाही. आई गेली तेव्हा हा रांगत होता. ताई शाळकरी पोर, पण तिने याचं हगणं-मुतणं काढलं, याला भरवलं, स्वतःचं लग्न लांबवलं. म्हातारपणीसुद्धा ती त्याला ‘धाकट्या’ अशीच हाक मारायची, आणि मिशा पांढऱ्या झालेला हा बाप्या त्या हाकेसरशी उठायचा. जगात त्याला कुणाच्या मताची किंमत असेल, तर ती ताईच्या.

ही ताई स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, ती घरी आली, काठी घेऊन चार पावलं टाकायला लागली. मग तिचं पोट थोडं ढिलं झालं. दिवसातून दोन-तीनदा, त्याहून जास्त नाही. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला आणि वाट बघायला सांगितलं होतं. पण वाट बघणं हकिमाच्या शास्त्रात कुठे बसतं? भावोजी औषधं आणायला बाहेर गेलेले पाहून त्याने खिशातलं आख्खं पाकीट ताईच्या उशाशी ठेवलं, सकाळ-संध्याकाळ एक असं समजावलं, आणि डोळे मिचकावून म्हणाला, "भावोजींना सांगू नकोस, ते लगेच या गोळ्या उकळायला घेतील." ताई खूप हसली. आणि धाकट्याने दिल्या म्हणून पाकीट संपेपर्यंत तिने गोळ्या घेतल्या.

पाकीट संपलं आणि ताईच्या पोटाचा बांधच फुटला. उठायला वेळ मिळेना. ताप, पोटात पिळवटून निघणाऱ्या कळा, आणि अंगातलं पाणी आटून डोळे खोल. तिला पुन्हा दवाखान्यात हलवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ऑपरेशननंतर लिहून दिलेल्या औषधांखेरीज आणखी काही घेतलंय का. ताई ग्लानीत होती. भावोजी ठामपणे नाही म्हणाले, कारण त्यांना माहीतच नव्हतं. हकीम एक्स-रेची पिशवी छातीशी धरून मागे उभा होता. त्याने फरशीकडे पाहिलं. गोळ्या साध्या तर होत्या, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते त्याला तेव्हाही पुरतं पटलं नव्हतं.

दुखणं काय आहे ते बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू गुण्यागोविंदाने राहत असतात. अँटिबायोटिकने त्यातले चांगले मारले जातात, जागा मोकळी पडते, आणि एखादी दांडगी जात तिथे माजते. ताईच्या पोटात तेच झालं होतं. त्यावर औषध दिलं, ती बरी झाली, घरी आली, आणि औषध थांबल्यावर दुखणं परत आलं. पुन्हा औषध, पुन्हा घर, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ताई आधीपेक्षा थोडी लहान होऊन परतायची.

घरी तिची उठबस भावोजींना एकट्याने झेपण्यासारखी नव्हती. हकिमाने रजा टाकली. बिछान्यावर मेणकापड, त्यावर चादर, आणि ती चादर दिवसातून किती वेळा बदलावी लागायची याला हिशेब नव्हता. हकिमाने त्यात कधी नाक मुरडलं नाही. ताईला एका कुशीवर वळवून, पुसून, कोरडं करून, तो चादर स्वतः धुवायला न्यायचा. बाकी जन्मभर स्वच्छतेने राहिलेल्या त्या बाईला ते सोसवत नव्हतं. प्रत्येक वेळी तोंड भिंतीकडे करून ती म्हणायची, "माफ कर रे धाकट्या, तुला हे करावं लागतंय." आणि हकीम म्हणायचा, "असू दे गं ताई."

तिसऱ्यांदा दुखणं उलटलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बसवून नवा उपाय सांगितला. ताईच्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची वस्ती पुन्हा वसवायची, आणि त्यासाठी धडधाकट माणसाची विष्ठा घ्यायची, ती गाळून, पातळ करून नळीने आत सोडायची. भावोजींनी चष्मा काढून पुसला. हकीम मात्र उठून उभाच राहिला. हसणाऱ्याने हसावं, पण आपल्याकडे काहीतरी आहे आणि ते ताईच्या उपयोगी पडणार आहे, या विचाराने त्याचा ऊर भरून आला होता. आपलं पोट जन्मात बिघडलेलं नाही, दवाखान्याला लागेल तितका माल पुरवतो, असं त्याने बाईंना सांगितलं. घरी येऊन ताईलाही सांगितलं. लहानपणी तू जे काढलंस ते आता व्याजासकट परत करतो म्हणाला. कित्येक दिवसांनी ताई पोट धरून हसली, आणि हसता हसता रडली.

रक्ताची तपासणी झाली, मळाची झाली. मग बाईंनी त्याला एकट्याला बोलावलं.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर आतड्यांचं रंगीत चित्र. बाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या, बोलायला मऊ. म्हणाल्या, तुमचं चालणार नाही. तुमच्या पोटातले काही जिवाणू आमच्याकडच्या बहुतेक औषधांना दाद देत नाहीत.

हकिमाला आधी हसूच आलं. आपल्याला तर काहीच होत नाही, असं तो म्हणाला.

"तुम्हाला होणारही नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यात ते सुखाने राहतायत. पण ताईंच्या अंगात ताकद नाही. उद्या ते तिथून त्यांच्या रक्तात उतरले, तर माझ्या हातात द्यायला औषध उरणार नाही."

मग त्यांनी कागदावर दोन लांबट गोळे काढले आणि एकात एक छोटी कडी काढली. ही कडी म्हणजे औषधाला तोंड कसं द्यायचं ते सांगणारी जनुकं. अँटिबायोटिक पोटात गेलं की बाकीचे मरतात, कडीवाले उरतात, आणि रिकाम्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. एवढ्यावर भागत नाही. कडीवाला शेजारच्या जिवाणूला जाऊन चिकटतो आणि कडीची नक्कल त्याला देऊन टाकतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी त्याला चालतं. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, आणि घेणारा पुढच्याला द्यायला मोकळा. एकेका कडीवर कधी चार-पाच औषधांची तोड असते, त्यामुळे साध्या गोळीनेसुद्धा सगळ्या औषधांना न जुमानणारे पोसले जातात. नीट न धुतलेल्या हातांवाटे ते घरातल्या इतरांच्या पोटात जाऊ शकतात.

हकिमाला कागदावरचे गोळे दिसेनासे झाले. त्याला डेपोतली विश्रांतीची खोली दिसत होती. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारं पाकीट, आणि ते देताना हसणारा तो स्वतः. इतकी वर्षं तो बाहेर जे करत होता, तेच त्याच्या पोटात चाललं होतं. बाईंनी विचारलं, तुम्ही अशा गोळ्या वरचेवर घेता का. त्याने ड्यूटीचं सांगितलं. आणखी कुणाला देता का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. इतकं सरळ खोटं तो गाडीचे ब्रेक तपासणाऱ्या साहेबाशीसुद्धा कधी बोलला नव्हता.

घरी येऊन त्याने सांगितलं, रक्तगट जुळत नाही. विष्ठेला रक्तगट कुठून आला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. भावोजी शांतपणे म्हणाले, मग माझं बघा. ताईने हकिमाचा हात थोपटून त्याची समजूत काढली, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं.

त्या दिवसापासून तो ताईचं करताना रबरी हातमोजे घालायला लागला. आपल्या हातावरचं काही तिच्याकडे जायला नको, एवढंच त्याच्या मनात. स्वतःच्या घरी बायकोला मोरीतला साबण वेगळा ठेवायला लावला, आणि का ते सांगितलं नाही. ताईने पहिल्या दिवशी मोज्यांकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घाण वाटणारच रे. माझी मलाच वाटते. माफ कर." त्याला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते नेहमीचंच, असू दे गं ताई. मग मोरीत नळ सोडून तो चादर घासत बसला, ती स्वच्छ होऊन गेल्यावरही. स्वतःची इतकी लाज त्याला त्या झुडपाआडही वाटली नव्हती. तिथे निदान बघणारे परके होते.

भावोजींच्या तपासण्या निर्मळ निघाल्या. शेवटचं बोलायला बाईंनी दोघांनाही बसवलं आणि भावोजींना विचारलं, गेल्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय? तपासणीत वाईट काही सापडलं नाही, तरी गोळ्यांनी चांगल्या जिवाणूंची वस्ती उठलेली असू शकते, आणि मग देऊन उपयोग नाही. भावोजी नाही म्हणाले.

हकिमाला ती दाढ आठवली. ताई घसरून पडायच्या जरा आधी भावोजींची दाढ सुजली होती, आणि याने त्यांना भरपूर पिवळ्या कॅप्सूल दिल्या होत्या, संपवल्या का म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं होतं. म्हातारा विसरला असेल. किंवा त्या गोळ्या अँटिबायोटिक आहेत हे त्याला माहीतच नसेल. गप्प राहावं, तर ताईच्या पोटात निकामी माल जाईल आणि हाही उपाय फुकट जाईल. बोलावं, तर सगळंच बाहेर येईल. बाई सहीसाठी पेन उघडत होत्या.

"घेतल्यात त्यांनी," हकीम म्हणाला. "मी दिल्या होत्या."

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा ओशाळून. "नाही घेतल्या," ते म्हणाले. "तुम्ही दिलेली एकही गोळी मी आजवर घेतलेली नाही. तुमचं मन मोडायला नको म्हणून खिशात ठेवत होतो."

हकिमाला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला जन्मभर हसलो तो आपल्याला असा वर्षानुवर्षं सांभाळून घेत होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणखी कुणाला दिल्यात?"

मग त्याने सांगितलं. उशाशी ठेवलेलं पाकीट, भावोजींना सांगू नको म्हणून केलेली थट्टा, पहिल्या दिवशी गिळलेले शब्द, रक्तगट. बोलताना त्याची नजर टेबलाच्या कडेवरून वर आली नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळी आम्ही दिलेल्या औषधाने सुरुवात झाली असेल, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण आतडी सावरत होती, आणि वरून तुमच्या गोळ्या पडल्या. हे आधी कळायला हवं होतं. त्यांनी दोष पुरता त्याच्या गळ्यात घातला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. तेही झालं नाही.

बाहेर येताना भावोजी एवढंच म्हणाले, की हिला तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.

ताई बरी झाली, हे इथेच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. भावोजींचं पोट तिला मानवलं. हळूहळू पोट थाऱ्यावर आलं, अंगावर मांस चढलं, ती काठी टाकून घरभर हिंडायला लागली. हकिमाने डेपोत जाऊन ज्याला-त्याला गाठलं आणि गोळ्या बंद करा म्हणून सांगितलं. बहुतेक जण हसले, एकाने तर मागे याच्याकडूनच मिळालेलं पाकीट खिशातून काढून दाखवलं. घेणाऱ्याला एकदा मिळालं की देणाऱ्याच्या शब्दाला काय किंमत. ते सगळं नंतरचं.

उपायाच्या आदल्या दुपारी तो ताईजवळ गेला तेव्हा भावोजी मुद्दाम आत पाणी उकळत बसले होते. चादर बदलायला झाली होती. हकिमाने मोजे चढवले, तिला वळवलं, पुसलं. ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, माफ कर रे. या वेळी त्याने नेहमीचं उत्तर दिलं नाही. ओली चादर हातात घेऊन, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्याने सगळं सांगितलं. पाकिटाचं सांगितलं, मोजे कशासाठी ते सांगितलं. त्याच्या आवाजात रडू होतं, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून त्याने ते दाबलं.

 हातांवर जोर देऊन, कण्हत, ताई स्वतःच त्याच्याकडे वळली. त्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

"गोळ्या मी घेतल्या," ती म्हणाली. "तू काही माझ्या तोंडात कोंबल्या नाहीस. तुला कळत नव्हतं, मलाही नव्हतं. ते मी मनात धरणार नाही. पण मी रोज तुझी माफी मागत होते, धाकट्या. आणि तू रोज म्हणत होतास, असू दे."